घरातील कीटक, घरगुती उपाय आणि वैद्याचा सल्ला

पावसाळा तोंडावर आला की आम्हा वैद्यांकडे एक ठराविक विचारणा सुरू होते. वृत्तपत्राच्या पुरवणीला डास पळविण्याचे उपाय हवे असतात, महिला मंडळाला झुरळे-मुंग्यांवरचे 'आयुर्वेदिक' तोडगे हवे असतात, आणि चिकित्सालयातून औषध घेऊन उठता उठता रुग्ण सहज विचारतो, "डॉक्टर, ढेकणांवर तुमच्यात काही आहे का?" आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तरही ठरलेले असते. कडुनिंबाचा धूर करा, कपाटात कापूर ठेवा, धान्यात वेखंड घाला, झुरळांना तमालपत्र, मुंग्यांना हळद, उंदरांना पुदिना. यादी संपली की शेवटी एक वाक्य जोडले जाते : "नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही." प्रस्तुत लेखाचा रोख या यादीवर आणि विशेषतः या शेवटच्या वाक्यावर आहे.

आमचे मत प्रारंभीच स्पष्ट मांडतो. कीटकनिवारणाच्या संदर्भात वैद्याचा सल्ला केवळ द्रव्यांच्या नामावलीवर येऊन थांबला आहे आणि त्यामुळे तो अशास्त्रीय झाला आहे. येथे अशास्त्रीय म्हणजे आधुनिक विज्ञानाच्या कसोटीला न उतरणारा, एवढेच आम्हांस अभिप्रेत नाही. तो आपल्याच संहितांच्या कसोटीला उतरत नाही, ही आमची तक्रार आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील व्याधितरूपीय अध्याय सर्वांना परिचित आहे. कृमींची चिकित्सा तेथे तीन उपक्रमांत सांगितली आहे : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानोक्त भावांचे अनुपसेवन. क्रमही आचार्यांनी स्पष्ट सांगितला आहे. प्रथम अपकर्षण, म्हणजे कृमी प्रत्यक्ष बाहेर काढणे, हाताने वा उपकरणाने. त्यानंतर प्रकृतिविघात, म्हणजे ज्या परिस्थितीत कृमी वाढतो तिच्या विरुद्ध गुणांच्या द्रव्यांचा उपयोग. आणि नंतर ज्या कारणांनी तो उत्पन्न झाला ती कारणे टाळणे. त्याच अध्यायात बाह्यमलज कृमींचे वर्णन येते. त्यांचे स्थान केस, दाढी, लोम, पापण्या यांबरोबर वस्त्रे हेही सांगितले आहे. त्यांचे कारण मृजावर्जन, म्हणजे स्वच्छतेचा त्याग. आणि त्यांची चिकित्सा अपकर्षण, मलाचा नाश व मल उत्पन्न करणाऱ्या भावांचा त्याग. या ठिकाणी एकाही वनस्पतीचे नाव नाही, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

याहून बोलका संदर्भ शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्यायात आहे. कुमारागाराचे, म्हणजे नवजात बालकाच्या खोलीचे वर्णन करताना आचार्य प्रथम वास्तूविषयी बोलतात. खोली प्रकाशयुक्त असावी, थेट वाऱ्याचा झोत नसावा पण एका बाजूने हवा खेळती असावी, बांधकाम दृढ असावे, उंदीर व पतंग यांना तेथे थारा नसावा. पाण्याची जागा, मलमूत्रविसर्जनाची जागा, स्नानाची जागा आणि स्वयंपाकघर परस्परांपासून नीट वेगळी असावीत. त्यानंतर अंथरुण-पांघरुणाचा विचार येतो : घाम, मळ, जंतू, मलमूत्र यांनी दूषित झालेली वस्त्रे टाकून द्यावीत; दुसरी उपलब्ध नसतील तर तीच चांगली धुऊन, धूपन करून, शुद्ध व कोरडी करून वापरावीत. आणि या सर्वांनंतर धूपनद्रव्यांची प्रसिद्ध यादी येते. यव, सर्षप, अतसी, हिंगू, गुग्गुळ, वचा इत्यादी द्रव्ये, तीही घृतयुक्त. आपण नेमकी ही यादी उचलली आणि तिच्या आधीची वास्तू, प्रक्षालन आणि विभागणी सोडून दिली. ज्या घराची मोरी तुंबलेली आहे, भिंतीला भेगा आहेत, ओट्याखाली रात्रभर खरकटे राहते, त्या घरात गुग्गुळाचा धूप म्हणजे अजीर्ण असताना बृंहण करण्यासारखे आहे.

आता डासांचा विषय घेऊ, कारण येथे प्रश्न केवळ उपद्रवाचा राहत नाही, प्राणांचा होतो. महाराष्ट्राला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली चिकुनगुनियाची मोठी साथ येऊन गेली, आणि तीन दशकांहून अधिक काळ शांत राहिलेला हा व्याधी २००६ साली राज्यभर परतला. त्या वर्षीची संधिशूलाने वाकलेली माणसे आपल्यापैकी अनेकांनी प्रत्यक्ष हाताळली आहेत. डेंग्यू तर आता प्रतिवर्षीचा झाला आहे. या दोन्ही व्याधींचा प्रसार करणारा एडिस डास दिवसा चावतो. सकाळचा प्रहर आणि सूर्यास्तापूर्वीचे तास हा त्याचा मुख्य काळ. आपण रुग्णाला सांगतो, तिन्हीसांजेला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा. धुराने डास काही काळ दूर राहतात, हे खरे आहे. पण धूर विरला की परिणामही विरतो, आणि ज्या डासाची भीती आहे तो दिवसभराचे आपले काम आटोपून पलंगाखालच्या अंधारात बसलेला असतो. धूर केल्याचे समाधान मात्र घराला मिळते, आणि आम्हांला भीती वाटते ती याच समाधानाची. ज्या घरात रोज धूप होतो त्या घरातील माणसाला कूलरच्या टाकीत डोकावून पाहण्याची आवश्यकता वाटेनाशी होते.

एडिसची मादी स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर भिंतीवर अंडी घालते. अनुकूल उष्णतेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा नियम आरोग्यखात्याने घातला आहे. परंतु अंडी कोरड्या भांड्यावरही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागताच उबतात. यास्तव भांडे केवळ उपडे न करता आतून घासणे आवश्यक आहे. हे आहे अपकर्षण, आणि ते काथ्याने किंवा घासणीने होते. फ्रीजच्या मागील पाण्याचे भांडे, कुंड्यांखालच्या बश्या, देवघरातील फुलदाणी, गच्चीवर पडलेली नारळाची करवंटी, जुने टायर, या जागा रुग्णाला एकेक करून सांगाव्या लागतात. 'स्वच्छता ठेवा' एवढ्याने काहीही होत नाही.

येथे एक गोष्ट नमूद करणे न्याय्य होईल. मराठवाड्यातील कित्येक गावांत उन्हाळ्यात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येते. लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा ठिकाणी 'पाणी साठवू नका' असे सांगणारा वैद्य आपली विश्वासार्हता गमावून बसेल. तेथे सल्ला वेगळा : पिंपाला, रांजणाला घट्ट विणीचे कापड बांधा, झाकणाला फट ठेवू नका, वापराच्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, आणि पिंप रिकामे होईल तेव्हा ते घासल्याविना पुन्हा भरू नका. देश आणि काल पाहून उपाय सांगणे हे तर आपल्या शास्त्राचे वैशिष्ट्यच.

त्वचेला लावावयाच्या उपायांविषयी थोडे. खोबरेल तेलात दोन टक्के लिंबोळी तेल मिसळून लावल्यास मलेरिया पसरविणाऱ्या ॲनॉफिलिस डासांपासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, असे १९९० च्या दशकात दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी दाखविले. एडिसविरुद्ध मात्र हा गुण तितका दिसत नाही. गवती चहाच्या जातीतील सिट्रोनेला तेल तासाभरात उडून जाते, म्हणजे ते वारंवार लावावे लागते. लिंबोळी तेल तान्ह्या बालकाच्या पोटात कदापि जाऊ नये. पोटातून दिल्याने आकडी, मेंदूची सूज आणि यकृताचे गंभीर विकार झाल्याच्या नोंदी आहेत. सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे मच्छरदाणी. बालक, गर्भिणी आणि ज्वराचा रुग्ण यांना ती दिवसाच्या झोपेसही बांधावी. ती कोणत्याही निघंटूत नाही, म्हणून तिचा सल्ला देण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

धुराचा प्रश्न येथे संपत नाही. चिकित्सास्थानातील हिक्का-श्वास अध्यायात निदान सांगताना रज आणि धूम यांचा उल्लेख आरंभीच आहे. तमकश्वासाचा रुग्ण घरात असताना, दारे-खिडक्या लावून, रोज सायंकाळी धूर करण्याचा सल्ला म्हणजे निदानसेवनाचा सल्ला होय. आमच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा तमकश्वासासाठी येत असे. वेग नेमका सायंकाळी सातनंतर वाढे. औषधाने दिवसा उतार पडे, संध्याकाळी पुन्हा तेच. घरची चौकशी करता कळले की एका पुरवणीतील लेख वाचून, डेंग्यूच्या भीतीने, आजी दोन खोल्यांच्या घरात रोज तिन्हीसांजेला निंबपत्र, कापूर आणि धूप जाळीत होत्या, आणि 'धूर बाहेर जाऊ नये' म्हणून खिडक्या लावून घेत होत्या. लेखात तसेच लिहिले होते. धूर बंद करून मच्छरदाणी बांधली, खिडक्यांना जाळ्या बसविल्या, औषध तेच चालू ठेवले. तीन आठवड्यांत सायंकाळचे वेग विरळ झाले. आजींना आम्ही दोष देत नाही. वैद्याने लिहिले ते त्यांनी निष्ठेने केले.

याचा अर्थ बाजारातील कॉइल बरी असाही नाही. एका मच्छर-कॉइलच्या ज्वलनातून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. पण हा आकडा सांगून आपण टाळ्या घेतो आणि लगेच पाल्याचा धूर सुचवितो, तेव्हा एक साधी गोष्ट विसरतो : फुप्फुसाला पाल्याचा कण आणि कॉइलचा कण यांत फारसा भेद करता येत नाही. आणखी एक सावधगिरी. 'वनस्पतिजन्य', 'हर्बल' अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या काही डासनाशक अगरबत्त्यांत नोंदणी नसलेली कृत्रिम कीटकनाशके सापडली आहेत. वेष्टनावर निंबपत्राचे चित्र असणे म्हणजे आत निंब असणे नव्हे. नोंदणी क्रमांक नसलेली उदबत्ती रुग्णाने दाखविली तर ती बंद करण्यास सांगावे.

मग धूपन करूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. सुश्रुताचार्यांनी व्रणिताच्या खोलीत सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांचे धूपन सांगितले आहे, काश्यपसंहितेत तर स्वतंत्र धूपकल्प आहे. धूपन हा आपला मोलाचा उपक्रम आहे, म्हणूनच तो विधिपूर्वक व्हावा. खोली आधी झाडून, पुसून घ्यावी. माणसे बाहेर काढावीत, विशेषतः बालके, गर्भिणी, श्वासाचे रुग्ण आणि वृद्ध. निखाऱ्यावर अल्प मात्रेत, वाळलेली द्रव्ये तुपात भिजवून टाकावीत. ओल्या पाल्याचा दाट धूर हा धूप नव्हे. अर्ध्या तासाने दारे-खिडक्या पूर्ण उघडून, धूर निघून गेल्यावरच आत यावे. ज्याला एवढे जमणार नाही त्याने धूपन न केलेलेच बरे.

आता स्वयंपाकघर. झुरळांसाठी तमालपत्र, काकडीची साले, लवंग असे तोडगे सांगितले जातात. तमालपत्राच्या डब्यामागेच झुरळांचा सुखाने संसार चाललेला आम्ही पाहिला आहे. उग्र वासाने झुरळ फार तर शेजारच्या कपाटात किंवा शेजाऱ्याच्या घरात जाते. स्वयंपाकघरातील लहान, पिंगट जातीच्या झुरळाची मादी एका अंडकोशात ३० ते ४० अंडी घेऊन फिरते; तेव्हा चार झुरळे पळविल्याने काय साधणार? त्याला ऊब, फट, पाणी आणि रात्रीचे खरकटे लागते. मिक्सरच्या खाली, फ्रीजच्या यंत्राजवळ, ओट्याच्या लाद्यांच्या सांध्यात ते राहते. रात्री ओटा कोरडा करणे, सिंकखालची गळती दुरुस्त करणे, सांधे पांढऱ्या सिमेंटने भरणे, केराचा डबा झाकणे, हे निदानपरिवर्जन आहे. हे केल्यानंतर प्रकृतिविघातासाठी एक द्रव्य खरोखर उपयोगी पडते, आणि त्याचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. टंकणापासून तयार होणारे बोरिक आम्ल कणीक व साखरेत मळून केलेल्या गोळ्या झुरळे खातात आणि हळूहळू मरतात. परंतु त्याच गोळ्या रांगते मूलही खाते. म्हणून त्या बंद कपाटामागे, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा फटीतच ठेवाव्यात, आणि तान्हे मूल असलेल्या घरात शक्यतो टाळाव्यात. झुरळ-मुंग्यांसाठी मिळणाऱ्या विषारी खडूबाबत याहून कडक सूचना द्यावी. मुलाला तो पाटीवर लिहिण्याच्या खडूपेक्षा निराळा दिसत नाही.

झुरळांची विष्ठा व अंगाचा चुरा यांनी श्वासाचे वेग येतात, हे आता सर्वमान्य आहे. म्हणजे झुरळांचे अपकर्षण ही श्वासचिकित्सेचीच एक पायरी ठरते, आणि झुरळांसाठी केलेला धूर ही उलट दिशेची पायरी.

धान्याच्या साठवणीविषयी अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे. कारण येथे कीटकासाठी योजलेले द्रव्य थेट आपल्या ताटात येते. महाराष्ट्रातील घरांत वर्षाचे तांदूळ भरताना त्यांना बोरिक पावडर लावण्याची प्रथा सर्रास आहे. कॅरमच्या फळीवर टाकतात तीच ही पावडर. अनेक सुशिक्षित गृहिणी तिला घरगुती आणि म्हणून निर्धोक समजतात. अन्नात मिसळण्यास बोरिक आम्लाला मान्यता नाही. तांदूळ धुताना ते बरेचसे निघून जाते, हे खरे. पण पेज करताना, घाईत एकदाच धुतलेल्या तांदळात, आणि धुतल्याविना दळून आणलेल्या तांदळाच्या पिठात ते राहते. बालकाच्या शरीराला त्याची अल्प मात्राही मोठी असते. ही प्रथा बंद व्हावी, असे आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो. वैद्यांनी पावसाळ्याची वाट न पाहता एप्रिल-मे महिन्यांत, धान्य भरण्याच्या दिवसांतच, हे सांगितले पाहिजे.

मग काय करावे? आपल्या आजी-पणजींचा पहिला उपाय कडक उन्हाचा होता, आणि तो सर्वांत सशास्त्र आहे. सोंडे किडा दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो आणि भोक बुजवून टाकतो. दाण्याच्या बाहेर ठेवलेला पाला, लसूण वा लवंग त्या अंड्यापर्यंत पोहोचत नाहीत; ऊन पोहोचते. म्हणून गहू-ज्वारी कडक उन्हात पातळ पसरून, पूर्ण वाळवून, सावलीत थंड करून मगच भरावी. गरम धान्य भरले तर कोठीत पाणी सुटते आणि ओलाव्याबरोबर कीड येते. तांदूळ उन्हात तडकतात, त्यांना पंख्याखाली कोरडे करावे आणि लहान घरांनी वर्षाची साठवण सोडून महिना-दोन महिन्यांचेच आणावेत. पूर्वीची मोठी कोठारे, सारवलेल्या कणग्या आणि माजघरे आता सदनिकांत नाहीत, तेव्हा त्या काळची साठवण करण्याचा अट्टहास तरी का?

डाळी आणि कडधान्ये यांचे वेगळे आहे. त्यांतील भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी चिकटविते. तेलाचा पातळ लेप दिल्यास अंड्याचे श्वसन अवरुद्ध होऊन ते मरते. एरंडेल चोळून डाळी भरण्याची आपली पद्धत येथे अचूक ठरते. किलोला चहाचा एक लहान चमचा तेल पुरे. धार लावून चोळण्याची आवश्यकता नाही. तेच एरंडेल गव्हाला लावल्यास आत दडलेल्या सोंड्यावर तितका परिणाम होत नाही, हे वरील विवेचनावरून लक्षात येईल. कोणत्या कीटकाचे अधिष्ठान कोठे आहे हे पाहूनच उपक्रम ठरतो.

वेखंडाविषयी मतभेद होण्याची शक्यता आहे, तरी आमचे मत मांडतो. वेखंड कीटकांवर निश्चितपणे गुणकारी आहे. त्यातील बीटा-ॲसरोन या घटकाने कीटकांची प्रजननक्षमता क्षीण होते. परंतु भारतीय वेखंडात विपुल असणारा हाच घटक प्रयोगातील उंदरांत अर्बुदकारक ठरला, आणि अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंडाच्या वापरास बंदी घातली. वैद्य शोधन करून, मात्रेने, ठरावीक काळ वचा देतो. ती गोष्ट निराळी. धान्यात वेखंडाचे चूर्ण मिसळून कुटुंबाला वर्षभर अमर्याद वचासेवन घडविणे कोणत्या शास्त्रात बसते? वेखंडाचे अखंड तुकडे फडक्याच्या पुरचुंडीत बांधून डब्यात ठेवावेत आणि धान्य काढताना पुरचुंडी बाजूस करावी. बिब्ब्याचेही असेच. ज्वारीच्या कणगीत बिब्बे घालण्याची पद्धत ग्रामीण भागात आजही आहे. धान्य निवडताना फुटलेला बिब्बा हाताला लागून उतलेल्या स्त्रिया आमच्याकडे आल्या आहेत. चेहरा सुजलेला, अंगभर पुरळ, आणि कारण विचारल्याशिवाय सांगितलेले नाही. भल्लातक म्हणजे काय हे वैद्याला माहीत आहे. घरात ते फक्त 'बी' असते.

आणि एक गोष्ट जी नैसर्गिक नाही, परंतु घरगुती म्हणून सर्रास वापरली जाते : धान्यात टाकण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतील दमटपणाने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. त्याला उतारा नाही. झोपण्याच्या खोलीत पोती, पोत्यांत गोळ्या आणि पावसाळी रात्री लावून घेतलेली दारे, या तिन्हींच्या संयोगाने कुटुंबेच्या कुटुंबे दगावली आहेत. राहत्या घरात या गोळ्या नकोत, हे सांगण्यासाठी रुग्णाने विचारण्याची वाट पाहू नये.

उंदरांच्या बाबतीत पुदिन्याचे तेल, कांदा इत्यादी उपाय आम्ही चर्चेसही योग्य मानीत नाही. सुश्रुतांनी कल्पस्थानात अठरा प्रकारचे मूषक वर्णिले आणि त्यांच्या शुक्राच्या स्पर्शाने होणारे विकार सांगितले. लेप्टोस्पायरा तेथे वर्णिला आहे असा दावा आम्ही करणार नाही. पण उंदराच्या दंशाइतकाच त्याचा स्रावही घातक, ही जाणीव तेथे आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तिचा अनुभव घेतला. त्याआधी १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रुग्ण आढळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांत पडून राहिलेले धान्य आणि त्यावर पोसलेले उंदीर यांच्याशी त्याचा संबंध तेव्हा जोडला गेला होता. उंदीर अन्नावर येतो, वासाने जात नाही. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही लहान उंदीर आत शिरतो. ती फट जाळी आणि सिमेंटने बुजवावी, धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवावे, सापळा लावावा. पिवळ्या फॉस्फरसचा विषारी लेप मात्र घरात आणू नये. तो पोटात गेल्यास पहिले एक-दोन दिवस रुग्ण बरा भासतो आणि पुढे यकृत निकामी होते.

ढेकणांसाठी उकळते पाणी, कडक ऊन, गादीच्या शिवणींवरून गरम इस्त्री हेच उपाय, आणि तेही आठवड्याच्या अंतराने पुनःपुन्हा. साधारण ५० अंश उष्णतेत ढेकूण व अंडी दोन्ही मरतात, वेखंडाच्या वासाने मरत नाहीत. रॉकेल शिंपडून पलंगासह घर पेटविण्याचे धाडस कोणी करू नये. उवांसाठी सीताफळाच्या बियांचे चूर्ण गुणकारी खरे, पण ते डोळ्यांत गेल्यास दृष्टिमंडलाला दाहक इजा होते; बारीक फणी आणि खोबरेल यांनी तेच काम होते.

आमची एक सूचना आहे. श्वास, शीतपित्त, कण्डू आणि पुनरावर्तक ज्वराच्या प्रत्येक रुग्णपत्रिकेत घराविषयी चार प्रश्नांची भर घालावी : घरात रोज धूर, कॉइल वा उदबत्ती जळते काय, पाणी किती दिवस साठविता, धान्याला काय लावता, डांबरगोळ्या कोठे ठेवता. शेवटच्या प्रश्नाचे कारण असे की डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी न धुता, उन्हात न वाळविता तान्ह्याला गुंडाळल्याने, जन्मतः विशिष्ट विकराची उणीव असलेल्या बालकांत रक्तकण फुटून गंभीर कामला होते. चार प्रश्नांना दोन मिनिटे लागतात. संघटनेच्या शिबिरांतून जी पत्रके वाटली जातात त्यांतही द्रव्यांच्या यादीआधी हे प्रश्न छापले जावेत.

आता अपघाताविषयी. घरातल्या कीटकद्रव्यांपैकी बालकाच्या पोटात सहज जाते ते कापूर. पांढरी वडी त्याला खडीसाखर वाटते. आज मिळणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कृत्रिमरीत्या केलेला असतो, आणि अल्प मात्रेनेही मुलाला अर्ध्या तासाच्या आत आकडी येऊ शकते. अशा वेळी विषचिकित्सेतील वमन आठवून मुलाला उलटी करविण्याचा मोह वैद्याला होणे स्वाभाविक आहे. कापूर आणि रॉकेल या दोहोंत तो कटाक्षाने टाळावा. आकडीत उलटी श्वासमार्गात जाते आणि रॉकेल फुप्फुसात उतरते. मीठपाणी, दूध, तूप यांपैकीही काही पाजू नये. मुलाला कुशीवर ठेवून तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि कापराचा पुडा वा औषधाचे वेष्टन नातेवाइकांच्या हाती बरोबर द्यावे.